उजव्या कानाचा खडा डाव्यात बसत नाही

— नाही, आता बोलायचं नाही. तोंड मिटा, जावईबापू. जबडा हलला की कानाची नळी हलते, नळी हलली की माझा चिमटा भलतीकडं जातो, आणि चिमटा भलतीकडं गेला तर मग तुम्हाला हवंय तेच होईल — जन्मभर काही ऐकू येणार नाही. तेवढं नकोय ना? मग असं, डाव्या कुशीवर. गाल उशीवर. हात इकडं मांडीवर ठेवा, मला दिसेल असा. एक बोट उचललं की हो, दोन उचलली की नाही. मोठमोठी माणसं या खुर्चीत — खुर्ची कसली, मागं रेलवली की बाकच होतो तिचा — या दोन बोटांवर बोलून गेली आहेत. कळलं का? — एक. शाबास.

दारातून आलात तेच हात पुढं करून. 'मामा, माझे खडे परत द्या.' सासऱ्याकडं वीस दिवसांनी आलात, बरे आहात का म्हणून विचारायचं, तर खडे द्या. हळू तरी बोलायचं. पुढची निम्मी खोली चष्मेवाल्याची, मागची माझी, मधे नुसती प्लायवूडची फळी, आणि तिकडं सारखं कुणीतरी तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलेलं असतं — त्यांना वाटलं असेल सासऱ्यानं जावयाचे हिरे दाबून ठेवलेत. हिरे कसले, मळ. तुमच्याच दोन कानांतला, अकरा वर्षांचा, पितळेच्या भुकटीसकट. आहे, आहे, माझ्याकडं आहे, हलू नका. काडेपेटीत ठेवलाय, एका टोकाला 'उ' लिहिलंय, दुसऱ्या टोकाला 'डा'. आमच्या उस्तादांची शिकवण ती — गिऱ्हाइकाच्या कानातून निघेल ते पांढऱ्या बशीत घालून त्याला दाखवायचं आणि टाकून द्यायचं, पण घरच्या माणसाचं निघालं तर वर्षभर जपून ठेवायचं. का? तर बाहेरचा माणूस बरा झाला की आभार मानतो नि विसरतो, घरचा माणूस बरा झाला की चार महिन्यांनी विचारतो, तुम्ही असं केलं तरी काय मोठं? तेव्हा पेटी उघडायची. उस्तादांनी त्यांच्या साडूची पेटी सात वर्षं सांभाळली होती, लग्नकार्यात खिशात घेऊन जायचे. पण परत मागायला कुणी येईल, हे त्यांनाही सुचलं नसेल.

आणि परत घालू कसं मी? पन्नास वर्षं झाली, लोक काढायला येतात. घालायला आलेले तुम्ही पहिले. तुम्ही चपला काढत होतात तेवढ्यात मी विचार केला, खरंच केला, जावयाला नाही म्हणू नये म्हणतात. पण उजव्या कानाचा खडा डाव्यात बसत नाही, चपलेसारखंच असतं ते. उजव्याचा उजव्यातही आता बसायचा नाही — वाळला की आकसतो, भिजवला की विरघळतो. मळ म्हणजे काही बाटलीचं बूच नव्हे. तो आतून यावा लागतो, हळूहळू, त्याच्या मर्जीनं. कान स्वतःच तो करतो, धूळ धरून ठेवायला करतो, नि स्वतःच बाहेर ढकलतो, आपण जेवतो-बोलतो तेवढ्यानं. आपण काडी घातली की उलटा आत जातो. तेव्हा तुम्हाला तुमचा मळ परत पाहिजे असेल तर पुन्हा अकरा वर्षं पितळ ठोकावं लागेल. थांबता तेवढं? — दोन बोटं. वाटलंच मला.

बघू दे तर मग, आत काय करून ठेवलंय ते. जरा दिवा घेतो. अरे, अरे. हा कापूस. काळपट, गाठीगाठींचा, जुनी गादी उसवून काढलेला. बरोबर आहे, वीस दिवस गादीवाल्याच्या गोडाऊनमध्ये राहताय, दुसरा कुठला मिळणार. आणि त्याच्यावर हे पांढरं काय — मेणबत्ती? मेणबत्ती ओतलीत? पेटलेली? — एक बोट. आणि डाव्यात? — एक बोट. धन्य आहे. अहो, भांड्याला डाग द्यावा तसा तुम्ही कानाला डाग दिलात. आत पडदा असतो, कांद्याच्या आतल्या सालीएवढा, तो वाचला ते त्या गादीच्या कापसामुळं. गादीवाल्याला सांगू नका, तो जाहिरातीत घालेल.

आता तेल. बघा, बाटली मघापासून मुठीत धरलीय. गार तेल सोडलं की माणसाला खोली गरगर फिरते, गरम सोडलं की माणूस फिरतो, अंगावर. मुठीतली ऊब बरोबर असते. एक थेंब. दोन. आता पाचपर्यंत मोजत बसत नाही, भरलाच कान. पंधरा मिनिटं असंच पडायचं. मेण सैल होऊ दे. म्हणजे काय झालं, खालचा कान उशीत, त्यात मेण. वरच्या कानात मेण, वर तेल. ऐकू येतंय का? जावईबापू? — कारखान्याला सुट्टी दिली आज. — नाही. तुमची बायको आलीय, फळीपलीकडं उभी आहे. — नाही. बोट जागचं हलत नाही. झालं तर मग, पंधरा मिनिटं तुम्ही भिंत.

मला ही वेळ फार आवडते. माणसाच्या कानात तेल आणि मी मोकळा. तुमच्या सासूबाई गेल्यापासून मी असाच बोलतो, तेलातल्या माणसांशी. हळू, कुजबुजत, चष्मेवाल्यालाही जाऊ नये एवढं. तो नेहमी आत डोकावून हसतो, त्याचा स्वभावच हसरा आहे.

तुम्ही गुणी माणूस, जावईबापू. चूक माझी झाली. अकरा वर्षं पोरगी म्हणायची, बाबा, हे माझं ऐकतच नाहीत. मी काय समजलो? मी समजलो सगळ्याच बायका म्हणतात तसं म्हणते. तिची आईही म्हणायची. माझा धंदा कानाचा, आणि माझ्या घरात, माझ्याच ताटाशेजारी एक माणूस अकरा वर्षं दोन्ही कानांना दडे बसलेला जेवतोय, आणि मला वाटतंय स्वभाव आहे. बोलायला गेलं की तुम्ही छान हसायचात. मी म्हणायचो, जावई मिळावा तर असा, उलटून शब्द नाही. मागच्या महिन्यात तुम्ही कानात पेन्सिल घातलेली पाहिली म्हणून, नाहीतर मी मेल्यावरच कळलं असतं. इथंच, या खुर्चीत, पिचकारीनं धुतलं — उजवा वाटाण्याएवढा निघाला, डावा त्याहून मोठा, पितळेनं चमकत होता. तुम्ही उठून बसलात. फळीपलीकडं चष्मेवाला कुणाला तरी म्हणत होता, खालची ओळ वाचा, आणि तुमचे डोळे भरून आले. 'मामा, खालची ओळ वाचा म्हणतोय तो,' म्हणालात तुम्ही. मलाही भरून आलं.

आणि तिथंच चुकलं. गिऱ्हाइकाला सांगायचं असतं, आठ दिवस जपा, जग फार जवळ येईल. मी सगळ्यांना सांगतो. एका हेडमास्तरांना सांगायचं राहिलं होतं पूर्वी एकदा — ते गेले शाळेत, वर्गात उभे राहिले, दोन वाक्यं बोलले नि थांबले. मुलांना म्हणाले, 'मी असा बोलतो?' मुलं म्हणाली, हो सर. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. अजून भेटतात, रस्त्यात हात हलवतात, बोलत नाहीत. इतकं माहीत असून तुम्हाला सांगायला विसरलो, कारण तुम्ही माझा हात धरून म्हणालात, 'मामा, तिला सांगू नका. तीन दिवसांनी लग्नाचा वाढदिवस आहे, तेव्हा सांगीन, चकित करीन.' मला केवढं कौतुक वाटलं. म्हटलं, कर बाबा चकित.

पण मला काय माहीत, पोरीला सवय काय लागलीय ती? अहो, अकरा वर्षं तिच्या घरात दोन पुरुष आणि ऐकणारं कुणी नाही — म्हणजे न ऐकणारे एकच, तुम्ही, मी ऐकतो, माझं सोडा — तर ती मोठ्यानं बोलायला लागली. मनातलं सगळं. नळाशी, कपाटाशी, तुमच्या पाठीशी. तुम्ही मला नंतर गोडाऊनमध्ये सांगितलंत ना, गाद्यांच्या थप्पीवर बसून — पहिल्या दिवशी ती घरभर गुणगुणत होती, बेसूर, आणि तुम्हाला वाटलं असं गाणं आपण आयुष्यात ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या शर्टाला बटण लावताना म्हणाली, 'माझा दगड, माझा दगडोबा, कसा बसलाय बघा.' आणि तुम्ही दगडासारखे बसून राहिलात, मान खाली घालून, हसू आलं ते खोकल्यात घालवलंत. बहिरा असल्याचं सोंग करून बायकोचं प्रेम ऐकत बसलात दोन दिवस. चोरी म्हणत नाही मी. पण माणसानं असं बसू नये. माणूस ऐकतोय हे ज्याला माहीत नाही त्याचं बोलणं ऐकू नये, त्यात कुणाचंच भलं नसतं.

तिसऱ्या दिवशी, ऐन वाढदिवसाच्या सुट्टीत, दुपारी ती मोरीत भांडं घासत होती आणि म्हणाली — तुम्ही तसंच्या तसं सांगितलंत मला, एकेक शब्द, जसा काही मुका मार दाखवताय — 'ओरडून ओरडून माझा गळा गेला ह्या माणसापायी. कुठंतरी जाऊन राहिला तर मी सुटेन.' तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि गेलात. चिठ्ठीत काय लिहिलंत, तर 'घरात आवाज फार आहे.' खरं कारण तिला सांगितलं नाहीत. त्यातही माणुसकी ठेवलीत. गादीवाल्याकडं का, तर कापसात आवाज येत नाही. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलो तेव्हा तुम्ही दोन गाद्यांच्या मधे निजला होतात, नुसतं नाक बाहेर. म्हटलं, जावई आहे का बशीतला पापलेट. रागावू नका. — हो, तुम्हाला कुठं ऐकू येतंय.

तेव्हा मी तुम्हाला काय म्हणालो? म्हणालो, बायका बोलतात रागात, मनावर घेऊ नका. एवढंच. डबा ठेवला नि आलो.

आता खरं सांगतो. तेल अजून मुरायचंय.

ती जे भांडं घासत होती ना, ते दुधाचं. शिट्टीचं. ते तिनं माझ्यासाठी आणलं होतं, बाबांना शिट्टी ऐकू येईल म्हणून, कारण आधीची दोन पातेली मी करपवली होती. तर त्या दिवशी मी दूध ठेवलं आणि शेजारी पेपर वाचत बसलो. शिट्टी वाजली म्हणतात. खालच्या मजल्यावरची बाई वर आली म्हणतात, शेजारच्यांचा कुत्रा ओरडत होता म्हणतात. मी पेपर वाचत होतो. धूर आला तेव्हा कळलं. पोरगी धावत आली, भांडं उचललं नि मोरीत बसली घासत, माझ्याकडं पाठ करून. आणि मी बघत होतो, तिची पाठ हलत होती. घासताना हलते त्याहून वेगळी. बोलताना हलते तशी. काय बोलतेय ते मला कळलं नाही. तुम्ही गोडाऊनमध्ये सांगितलंत तेव्हा कळलं.

तुमच्यासाठी नव्हतं ते, जावईबापू. ते माझं होतं. तुमच्याशी ती ओरडतच नव्हती कधी, तुम्हाला खुणेनं सांगायची, हातावर हात ठेवून. ओरडते ती माझ्याशी. बाबा, जेवायला. बाबा, जेवायला. बाबा, जेवायला या. तुम्ही म्हणाल, बापाला कुणी 'राहिला' म्हणेल का, असं एकेरीत? अहो, करपलेलं भांडं हातात असलं की माणूस कुणालाही एकेरीत बोलतो, आणि देवाला तर आपण शुद्धीतही एकेरीच हाक मारतो. त्यात काही नाही. मला राग नाही आला. मला भीती वाटली.

कसली? सांगतो ना. तुम्हाला तिथंच, त्या गाद्यांवर सांगितलं असतं की बाबा रे, ऊठ, ते तुला नव्हतं, तर तुम्ही त्या दिवशी घरी. आणि मग मी? मग त्या घरात तिघांनाही माहीत असतं, की जायचंय कुणी. तुम्ही काही बोलला नसतात, तीही नसती बोलली, कान धरून माफी मागितली असती तिनं, आणि मी रोज सकाळी चहा पिताना हिशोब केला असता की आज जाऊ का उद्या. माझी खोली छोटी आहे, पण तिच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. मुलं ओरडतात ते दिसतं. मला सोडवत नाही ती. म्हणून गप्प बसलो. एक दिवस, म्हटलं, उद्या सांगू. वीस दिवस झाले.

आणि वर ऐका — नाही, ऐकू नका — मला ते वीस दिवस बरे गेले. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत आवाज फार आहे, तर पोरीनं घर गुंडाळायला घेतलं. खरंच, कापडात. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेत. घड्याळ काढून पेटीत ठेवलं, पेटी कपड्यांच्या कपाटात. चमच्यांना दोरा गुंडाळलाय, जेवताना दोरा तोंडात येतो. दाराला उशी बांधलीय. ती स्वतः अनवाणी चालते आणि शिंक आली की उशीत तोंड घालते. शेजारच्या कुत्र्याला रोज खाऊ देते, ओरडू नये म्हणून, तर त्याला वाटतं खाऊसाठी ओरडायचं असतं. परवा मला हात धरून घरभर फिरवलं, आणि विचारलं, आता कसं वाटतंय, शांत आहे ना? मी कान लावून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मला काडीचा फरक कळला नाही. मी म्हणालो, फारच शांत. इतकी खूश झाली. आणि माझ्याशी बोलायचं तर आता ओरडायची सोय नाही, म्हणून पाटी आणलीय. पाटीवर लिहिते. 'बाबा, जेवायला या.' सुंदर अक्षर आहे तिचं, मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षांची लेक माझी, आणि तिचं अक्षर मी आत्ता बघितलं. मी वाचतो नि जातो जेवायला, पहिल्या हाकेला. सगळं सुरळीत. नवरा तेवढा नाही घरात.

काल पाटीवर लिहिलं, 'ते येतील का?' मी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. उत्तर नाही लिहिलं. तिनं पुन्हा लिहिलं. तेव्हा मात्र —

नाही, थांबा, मेण बघतो. सुटतंय कडेनं. अजून थोडं.

तुम्ही विचाराल, मामा, पन्नास वर्षं लोकांचे कान बघता, स्वतःचे का नाही दाखवत कुणाला? सोपं आहे. स्वतःच्या कानात स्वतःला बघता येत नाही, आणि दुसऱ्यानं बघितलं तर तो सांगेल. मळ असला तर ठीक, मळ काढता येतो. पण मळ नसला तर? आतला कान आपोआप विझतो म्हातारपणी, तिथं ना चिमटा पोचत ना तेल. अशा माणसांना मी या खुर्चीतून परत पाठवलंय — बघितलं, आरशासारखा स्वच्छ कान, काही काढायला नाही. त्यांचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय. ती माणसं मळ मागतात हो, मळ असू दे म्हणतात. तर मी बघूनच घेत नाही. जोवर बघितलं नाही तोवर मळच आहे. चार वर्षं मळ आहे. आणि गिऱ्हाइकांना कळलं तर कोण येईल, कानवाल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर? ते ओठ हलवतात, मी अंदाज करतो. म्हणून तर बोटांची रीत काढली. सगळ्यांना सांगितलं, जबड्यासाठी आहे. तशी ती जबड्यासाठीही आहे.

तर असा माणूस मी. पोरीचा संसार वीस दिवस कापसात ठेवला, एका खिडकीसाठी. तुम्हाला हे ऐकू आलं असतं तर अशा सासऱ्याला माफ केलं असतं का हो?

— हे काय?

बोट का उचललंत?

आपोआप उडालं असेल. कधीकधी उडतं, नस असते. जावईबापू, तुम्हाला ऐकू येतंय? — एक. तेलातून? मेणातून? — एक. कधीपासून? नाही, बोटांनी ते कसं सांगाल. सगळं? खिडकीचं? — एक. पापलेटचं? — एक. बरं. मी… मी काय मोठ्यानं बोलत होतो का? — एक. हळू बोलत होतो मी. कुजबुजत होतो. — दोन. फळीपलीकडं गेलं असेल? — एक. म्हणजे रोजच जात असेल. म्हणून तो चष्मेवाला हसतो. बरं. बरं.

हलू नका, रडताना खांदे हलतात, खांद्यानं मान हलते. आधी काम. चिमटा घेतो. हां — आलं, सबंध आलं, कापसासकट, बुचासारखं. बघा बशीत. आता कुशी बदला. डावा. तेल. यातही पंधरा मिनिटं लागायची, पण हे आधीच सैल दिसतंय, उशीच्या उबेनं असेल. कोमट पाणी सोडतो, वाटी गालाशी धरा तुम्ही. थोडं आणखी. आलं. झालं. पडदे दोन्ही धड आहेत, नशीब तुमचं. आता आठ दिवस कानात काही घालायचं नाही, बोटसुद्धा नाही, आणि जग फार जवळ येईल, जपा. सांगितलं मी या वेळी. उठून बसा, हळूहळू, चक्कर येईल.

नाही, मला काही म्हणू नका. मी सांगतो ते करा. सरळ घरी जा. ती चारला येते कामावरून, तुम्ही आधी पोचाल. खुर्च्यांचे मोजे काढा, घड्याळ कपाटात आहे ते लावा, चमच्यांचे दोरे सोडवून ठेवा. तिनं किल्ली लावायच्या आत घर वाजतं झालं पाहिजे. आणि तिला म्हणा, मला सगळं ऐकू येतं, अकरा वर्षांचं सांग. मधे माझं नाव काढू नका. ती विचारेल बाबा कुठं आहेत, तर म्हणा गादीवाल्याकडं. मी काल बोललोय त्याच्याशी — पाटी दुसऱ्यांदा पुसवेना तेव्हा गेलो होतो. तुमची जागा मला देतोय तो. नाही म्हणाला नाही, फक्त म्हणाला, तुमच्या घरात गाद्या नाहीत का. मला कापसाचा त्रास नाही, मला तिथं नि इथं सारखंच.

काय करताय? तो दिवा ठेवा खाली. काच फुटेल, उस्तादांचा आहे तो. माझ्या कानाकडं काय बोट दाखवताय — नाही. नाही म्हटलं ना. खुर्चीत मी बसत नाही, खुर्ची गिऱ्हाइकांची आहे. ओठ हलवू नका असे भराभर, मला नाही कळत भराभर. मोठ्यानं बोललात तरी नाही. तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येत नाही, जावईबापू. खरंच येत नाही. जा तुम्ही, तीन वाजून गेले. जा.